अंगण वाकडं

उद्या गुरुवार.
संध्याकाळी सातला, संस्कृतिभवनाच्या दुसऱ्या मजल्यावर,
दारावर 'प्रौढ, काहीही येत नसलं तरी चालेल'
असा कागद चिकटवलेल्या खोलीत
मला जायचंय.

आज चपला शिवायला घेतल्यात.
चपला म्हणाव्यात की मोजे, कोण जाणे.
धड तळ नाही, पुढे एक तुकडा, मागे एक तुकडा,
मधे नुसतं कापड,
जणू चांभार अर्ध्यातच जेवायला उठला.
इलॅस्टिक आपापलं शिवायचं, दुकानातली पोर म्हणाली,
प्रत्येकीचा पाय वेगळा असतो.
मग एक्केचाळीस नंबरचं खोकं पुढे सरकवत:
नातीला का?
मी हो म्हणाले.
एकसष्ट वर्षांत इतकं बिनफायद्याचं खोटं
मी बोलले नव्हते.

एकतीस वर्षं लिएपायाची ट्राम चालवतेय.
उजव्या पायाला वेग कळतो, ब्रेक कळतो.
डाव्याचं काम एकच, पट्टी दाबून धरायची;
तो उचलला की गाडी जागच्या जागी थांबते.
म्हणून तो उचललाच नाही.
वळायचं कुठे, ते रूळ बघून घेतात,
पायांना कुणी विचारत नाही.
आणि आता आरियाबाईंचा निरोप:
टाचा जुळवा, चवडे बाहेर फिरवा,
गुडघे चवड्यांच्या वरच.
आई असती तर ओरडली असती,
वेल्टा, पाऊल वाकडं पडतंय!
पडतंय, आई.
त्याचीच फी भरलीय.

बेसिनची कड धरून करून बघते.
डावा पाय लगेच फिरला,
इतकी वर्षं वाट बघत असल्यासारखा.
उजवा ब्रेकवर.
आणि हे लाकडी घर समुद्राकडे कललेलं,
दोऱ्याचं रीळ हातातून सुटलं की
सरळ खिडकीखाली जाऊन बसतं.
नाचता न येणारे जे म्हणतात
ते मी निदान पुराव्यानिशी म्हणू शकते:
अंगण खरंच वाकडं आहे, बाई.
ओळंबा लावून बघा.

खालून झेंटानं झाडूच्या दांड्यानं ठोकलं.
मग वरच आली, झग्यावर कोट चढवून,
रात्री दहाला कपाट कसलं सरकवतेस म्हणत.
मी कपाट आहे, असं सांगावंसं वाटलं.
तिनं टेबलावरची चपल उचलली,
दिव्याशी धरली, चष्मा कपाळावर नेला.
आतली नाडी शिवून टाकलीस, म्हणाली,
आता ती ओढली जायची नाही.
आणि दातांनी टाका उसवायला लागली.
तुला कसं ठाऊक, हे मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.
सुई मात्र मला परत दिली नाही.

केस बांधून या, निरोपात लिहिलंय.
माझे कानापर्यंतच येतात; पट्टी लावीन.
नखं कापली.
घड्याळ, दागिने नकोत.
दागिना नाहीच. घड्याळ काढून पाहिलं,
मनगटावर पांढरा पट्टा,
तिथं मिनिटं मोजून मोजून
कातडी ऊन विसरलीय.

उद्या त्या इमारतीवरून आठ वेळा जाईन.
आठ वेळा थांबेन, दारं उघडीन,
म्हाताऱ्या, बाबागाड्या, मासळीच्या पिशव्या उतरवीन,
आरशात बघून दारं लावीन.
सहा दहाला गाडी डेपोत.
मग तिकीट काढून, मागच्या बाकावर,
पिशवी मांडीवर,
दुसऱ्या कुणाच्या तरी डाव्या पायाच्या भरवशावर
नवव्यांदा.

झेंटा अजून शिवतेय.
इलॅस्टिक थोडं तिरकं लाव, म्हणतेय,
सरळ लावलं तर
काचतं.