किलोमीटरला सोळा खांब

पावतीपुस्तक माझ्याकडं, लुना माझी,
पळणारा तो.
गुरलिंग बिराजदार, निवृत्त लाइनमन, वय एकोणसाठ.
माझा मेहुणा, म्हणून मी अडकलो.

उदगीर ते बीड, दोनशे दहा किलोमीटर,
चार दिवस, आणि महिना कुठला धरला तर एप्रिल.
मूकबधिर शाळेतल्या पोरांच्या
कानातल्या मशीनला सेल पाहिजेत म्हणून.
सेल केवढा, तर शर्टाच्या गुंडीएवढा.
आठ दिवस चालतो,
मग पोराच्या कानात पुन्हा माळावरची दुपार.

"बीडच का रे?" म्हटलं.
"तिथपर्यंत तारा मी ओढल्यात."
घड्याळ नाही, मोबाईलातलं यंत्र नाही,
किलोमीटरला सोळा खांब, हा त्याचा हिशोब.

निघताना शाळेच्या फाटकात
उझमा नावाची पोरगी उकिडवी बसली,
डांबरावर तळहात टेकवून.
तो वळणाआड गेला तरी तिनं हात उचलला नाही.
मग एकदम उचलला, चड्डीला पुसला,
आणि आत गेली.

नळेगावात चहावाल्यानं वीस दिले,
दहा परत मागितले.
लातूरच्या आडतीत हमालांनी
तुरीच्या धुळीनं भरलेल्या नोटा दिल्या,
मी शिंकत शिंकत मोजल्या, दोनदा चुकलो.
रेणापूर फाट्यावर एका पुढाऱ्यानं
एक्कावन्न हजार जाहीर केले,
गुरलिंगच्या घामट खांद्यावर हात ठेवून फोटो काढला.
ती पावती अजून पुस्तकातच आहे,
दोन्ही प्रतींसकट.

अंबाजोगाईत बूट काढला तर
अंगठ्याचं नख मोज्यातच राहिलं.
"ऱ्हाऊ दे," म्हणाला, "वजन कमी झालं."
मी त्या रात्री बहिणीला फोन केला नाही.

नेकनूरला खव्याच्या भट्टीवरली बाई
हात धुऊन आली, पैसे नव्हते तिच्याजवळ,
पळसाच्या पानावर मूठभर खवा दिला.
"लिव्हा," म्हणाली.
याचे किती किलोमीटर धरायचे?
गुरलिंग म्हणाला, "दोन धर.
आन् जरा मलाबी दे."

मांजरसुंब्याच्या पुढं, चौथ्या दिवशी, दुपारी तीनला
तो एका खांबाला धरून थांबला.
मला वाटलं मोजायलाय.
खांब सोडला तसा खाली बसला,
बसला तसा आडवा झाला.
पोटऱ्या दगड, ओठांवर पांढरं,
आणि डोळे तारांकडं.
एकशे आठची गाडी यायला चाळीस मिनिटं लागली.
गाडीत घालताना एवढंच म्हणाला,
"अकरा राहिले की रे."

गाडी गेली. रस्ता गेला नाही.
मी लुनाच्या सीटवर पुस्तक उघडून बसलो.
दोनशे दहाच्या पावत्या फाडलेल्या,
पळून झालेले एकशे नव्याण्णव.
लोक म्हणतील, असू द्या हो, आजारी पडला माणूस.
लोक म्हणतीलच.
पण तुरीच्या धुळीतल्या त्या नोटा
किलोमीटर मोजून दिलेल्या होत्या.

मी उभ्या जन्मात स्टँडपर्यंत चालत गेलो नाही.
लुना पंक्चरवाल्याकडं लावली,
पुस्तक पोटाशी खोचलं, पायात स्लीपर.
अकरा गुणिले सोळा, एकशे शहात्तर.

पालीच्या घाटात स्लीपरचा पट्टा तुटला,
तो मी सुतळीनं बांधला.
ट्रकवाले थांबत, "बसा काका," म्हणत,
मी खांबाकडं बोट दाखवायचो,
ते येड्याकडं बघावं तसं बघून जात.
अंधार पडल्यावर खांब दिसेनात,
तेव्हा एकेकाला हात लावत गेलो.
सिमेंट अजून तापलेलं होतं.
कान लावला तर आत बारीक गुणगुण,
आणि का कोण जाणे, मला ती पोरगी आठवली,
चड्डीला हात पुसणारी.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दहा वाजून गेलेले.
सलाईन लावलेला हात उचलून
त्यानं माझ्या पायांकडं बघितलं, सुतळीकडं बघितलं.
"मोजलेस?"
"मोजले."
"किती?"
"एकशे चौऱ्याहत्तर. दोन कुठं तरी चुकले."

तो बराच वेळ छताकडं बघत राहिला.
"पालीच्या वळणावर," म्हणाला,
"दोन खांब आत शेतात हायेत.
ते मीच तिरके रोवले होते."