अर्थिंग

एम. जी. रोडच्या दुकानात त्यानं साउंड कार्ड दिलं
पेपरात गुंडाळून, भेळेसारखं.
डबा नाही, बिल नाही.
"ड्रायव्हर फ्लॉपीत टाकलाय मॅडम,
नाही चालला तर शनिवारी या."

सिडकोतलं घर, सकाळची शाळा सुटलेली.
कॉम्प्युटर पलंगावर आडवा केला,
झाकण काढलं तर आत धूळ,
खडूच्या धुळीहून मऊ.
आधी खिडकीच्या गजाला हात लावा, म्हणाला होता,
अंगातली वीज उतरू दे.
लावला.
काही उतरल्यासारखं वाटलं नाही.

पांढऱ्या खाचेत कार्ड बसेना.
पोरांचे कान पिळायचे दिवस होते
तेव्हाही मी दाबण्याआधी इतका विचार केला नव्हता.
मग टक् झालं.
स्क्रू सुटला तो थेट मशीनच्या पोटात,
केसांच्या आकड्यानं काढला,
त्यात अर्धा तास आणि चहा गेला.

यादीत कार्डाच्या नावावर पिवळं उद्गारचिन्ह.
जणू ते आलंच कसं!
तीनदा बंद, तीनदा चालू,
चौथ्यांदा चिन्ह गेलं
आणि तरीही आवाज नाही.
हिरव्या भोकात स्पीकर, गुलाबीत माईक,
सगळं चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे.

रात्री नऊला सापडलं.
पट्टीच्या तळाशी एक इवला चौकोन,
त्यात बरोबरची खूण.
सव्वीस वर्षं ही खूण मी लाल शाईनं देत आले.
इथे तिचा अर्थ होता: गप्प.
काढली.

हे सगळं संपत बोराडेसाठी.
सातवी ब, शेवटचा बाक.
फळा दिसत नाही म्हणायचा
आणि मी त्याला पुढे बसवायचे,
एवढंच.
आता एका दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डावर असतो,
बाहेरून बी. ए. करतो.
त्याच्यासाठी अर्थशास्त्र वाचलं,
मागणी, पुरवठा, लवचीकता,
चुकलेलं पुसलं, कॅसेटवर उतरवलं, पाठवलं.

तिसऱ्या दिवशी फोन.
"मॅडम, तुमच्या वाचनात अर्थ आहे,
अर्थिंग नाही.
प्रत्येक वाक्याखाली एक घूं आहे.
पंख्याची नाही, पंखा बंद होता तुमचा.
खुर्ची करकरते ती वेगळी.
घर जमिनीला टेकलेलं नाही तुमचं."

मी पायाखाली पाहिलं.
तळमजला.

खैरनार वायरमननं मीटरमागची हिरवी वायर ओढली,
ती अख्खी हातात आली.
दुसरं टोक कुठे गेलेलंच नव्हतं.
त्यानं ती माझ्यापुढे धरली,
चुकीचं गणित दाखवावं तशी.
मग मोरीच्या भिंतीबाहेर खड्डा,
तांब्याचा पत्रा,
थरावर थर कोळसा आणि खडेमीठ,
वर बोटभर नळी, पाणी घालायला.
"उन्हाळ्यात विसरू नका.
कोरडं पडलं की पुन्हा बोलायला लागेल."

पुन्हा पहिल्या धड्यापासून वाचलं.
घूं गेली
आणि तिच्याखाली झाकलेली मी वर आले:
'उपभोक्ता' म्हणताना दरवेळी अडखळणारी,
थुंकी गिळणारी,
पान उलटायच्या आधी घाईनं श्वास घेणारी.
वर्गाला हे इतकी वर्षं ऐकू येत होतं?
पुसायला बसले होते. संपत म्हणाला,
"श्वास ठेवा.
पान कुठे संपतं ते मला त्यातनंच कळतं."

आता मे महिना. नळाला पाणी सकाळी, पाऊण तास.
त्यातली एक बादली मोरीमागे नेते,
नळीत हळूहळू ओतते.
शेजारच्या मुकणेवहिनींनी गॅलरीतून विचारलं,
काय लावलंय हो इथे?
मीठ, म्हटलं. आणि कोळसा.

त्या खाली आल्या.
बराच वेळ त्या ओल्या मातीकडे बघत राहिल्या.