खारी काच

गाडीतळाजवळच्या दुकानात बशीरभाई साखरकरांनी
काउंटरवर पिवळं फडकं अंथरलं
आणि तीन झूम मांडले,
बांगडे मांडतात तसे, तोंडं एका दिशेला.

पहिला अठरा-दोनशे. "सगळं यातच," म्हणाले,
"मांडवही, नि नवरीच्या नथीतला मोतीही."
सगळं करतो म्हणणाऱ्या माणसाकडे बघावं
तसं मी त्याच्याकडे बघितलं.
दुसरा सतरा-पन्नास. पोहोच कमी,
पण अंधारात मांजरासारखा.
किंमत ऐकली आणि खाली ठेवला, अलगद.
तिसरा सत्तर-तीनशे, वापरलेला,
रबराच्या रिंगवर कुणाच्या तरी अंगठ्याची झीज.

खिशात अकरा हजार चारशे.
डोर्लेकरांच्या लग्नाचे उरलेले पैसे
अल्बम आवडला तर येणार.
जुन्या लेन्समध्ये मिऱ्याची वाळू करकरते:
नवरदेव लाटांतून धावला होता,
मागोमाग मीही.

"घेऊन जा, बघ वापरून," बशीरभाई म्हणाले.
मोटरसायकलची चावी त्यांच्या गल्ल्यात ठेवली
आणि तिसरा गळ्यात घालून
मिरकरवाड्याला चालत गेलो.

तीनशेवर जग जवळ येत नाही.
त्याला न विचारता उचलून आणलेलं असतं.
परतणाऱ्या ट्रॉलरवर एक खलाशी
दोरखंडाला पाठ घासत होता,
पाठीवर गोंदलेलं नाव, अर्धं खरवडलेलं.
त्याला ठाऊक नाही.
मी श्वास घेतला की ट्रॉलर हलायचा,
श्वास धरला की नुसता समुद्र.
बटण दाबलं नाही. का, कोण जाणे.

"लांबून काय हेरतोस रे?"
लिलावातून सुगंधा वासावे ओरडली.
"दर कानानं कळतो. इकडे ये!"
गेलो, तर ती भिंगात मावेना.
सत्तरवरही तिचा एकच डोळा
आणि भुवईला चिकटलेला खवला.
मागे सरकलो, अजून मागे, अजून,
आणि बसलो थेट बर्फाच्या ढिगात.
बाया हसल्या. पडता पडता बोट दाबलं गेलं होतं.
त्या संध्याकाळचा तेवढाच फोटो धड आला.

दुकानात बशीरभाईंनी मागून टॉर्च मारला.
काचेच्या आत, कडेला,
पांढरं, बारीक,
रोपाच्या मुळांसारखं काहीतरी पसरलेलं.
"बुरशी," ते म्हणाले. लपवलं नाही.
"खारी हवा काचेलाही सोडत नाही.
फोटोत दिसायची नाही.
फक्त सूर्यासमोर धरू नको."

सूर्यासमोर धरू नको!
बशीरभाई, आपला समुद्र कुठल्या दिशेला आहे?
रत्नागिरीत कुठली नवरी सकाळी सातला सजते?
प्रत्येकाला मावळता गोळा हवा,
तळहातावर, चिमटीत,
दोघांच्या टेकलेल्या कपाळांमध्ये.

ते हसले नाहीत.
पंधराशे कमी केले.

शहाण्या माणसानं पैसे साठवून
दुसरा घेतला असता, दिवाळीनंतर.
मी तिसरा घेतला.
लग्नं जुन्यावरच करीन, करकर ऐकत.

घरी प्रणितानं तांदळाच्या डब्यात जागा केली.
जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून
झूम खोल पुरला. तांदूळ ओल ओढतो.
आता रात्री भाताचं माप भरताना
ती आधी हातानं चाचपते,
झोपलेल्या पोराच्या अंगावरून पांघरूण काढावं तशी.

आणि मी पहाटे भाट्याच्या पुलावर.
ऊन पाठीमागून, डोंगरावरून येतं,
बुरशीला त्याचा पत्ता लागत नाही.
इतकी वर्षं इथं राहून आज बघतोय,
सकाळी समुद्रावरही सावली असते,
आपल्याच डोंगराची, गार, लांबलचक.
ती मागे हटेपर्यंत
थांबायचं.