डावा कोपरा

वेंगुर्ल्याच्या बंदरामागे, कस्टमच्या बंद गोदामाला लागून
सिमेंटचं एक कोर्ट आहे.
रिंगला खारा वारा खातो, दर दोन वर्षांनी नवी लागते.
जाळी मात्र आम्ही कधी विकत आणली नाही,
फाटक्या रापणीचा तुकडा बांधायचो.
बॉल आत गेला की सुंगटांचा वास खाली यायचा.

इथंच दिगू गिरप उडी मारायला शिकला.
शिकला म्हणजे काय,
आम्ही जिना चढावा तसा तो हवेत चढायचा
आणि वर पोचल्यावर ठरवायचा, आता काय करू.
मोचेमाडकर सर खालून ओरडत,
"झिला, बॉल काय तुझ्या बापाशीचो आसा? सोड तो!"
सोडायचा. माझ्याकडे.
मी कायम डाव्या कोपऱ्यात, मोकळा.
मोकळं सापडणं हाच याचा गुण, सर म्हणायचे.
मला ते बरं वाटायचं.

मग लीग आली. पुण्याचा संघ, नावापुढे पाइप कंपनी.
दिगूच्या करारातली शून्यं मी बोट ठेवून मोजली.
माझा करार त्याच्याबरोबर आला,
सरंग्याच्या वाट्यावर
मूठभर मोतयाळी टाकतात तसा.

उपांत्य सामना. एका गुणाने मागे, नऊ सेकंद.
कोचने फळीवर बाण काढले,
सगळे दिगूच्या दिशेने.
तो निघाला. तिघे त्याच्यावर धावले.
आणि त्याने बापाशीचा नसलेला बॉल सोडला,
न बघता, सरळ,
डाव्या कोपऱ्यात.

मोकळा होतो मी. इतका मोकळा
की माझ्याच बुटांची करकर मला ऐकू आली.
समोर रिंग, पांढरी कोरी जाळी, कसलाच वास नसलेली.
मी तो परत दिला.

दोन सेकंद उरले होते.
दोघे त्याच्या हाताला लोंबकळत असताना त्याने फेकला.
रिंगच्या मागच्या कडेला लागून बॉल उडाला
आणि भोंगा वाजला.

दुसऱ्या दिवशी छापून आलं,
'गिरपला संघ दिसलाच नाही.'
टीव्हीवर तेच शेवटचे दोन सेकंद, पुन्हा पुन्हा.
त्याआधीचे कुणी दाखवले नाहीत.
मालक खाली ड्रेसिंग रूममध्ये आले,
खेळातलं त्यांना फारसं कळत नसे,
संघभावनेवर बोलले, पाचही बोटांची मूठ करून दाखवली,
मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.
दिगू घोट्याची पट्टी सोडत होता.
मी मान हलवली.
पास परत दिला त्याहून ही मान जड आहे.

आता मी बर्फाच्या कारखान्यात आहे. रात्रपाळी.
दिगू मे महिन्यात येतो, आला की रापणीला जातो,
मीही जातो. चाळीस माणसं, दोन दोर.
दोराला हात लावला त्याला वाटा, हा जुना नियम.
कोण ओढतंय आणि कोण नुसता धरून चाललाय
हे दोराला कळत असणार,
पण दोर बोलत नाही.
यंदा त्याला सात बांगडे आले. मलाही सात.

संध्याकाळी कोर्टवर मी म्हटलं, "दिगू, त्या दिवशी..."
"भियालंस, होय मा?"
"होय."
तो बॉल सिमेंटवर आपटत राहिला. बराच वेळ.
"भिया माका पण वाटता रे.
पण माका परत द्येवक कोण गावना नाय."

मग त्याने फेकला. फार जोरात नाही.
सिमेंट अजून तापलेलं होतं.
मी बॉलच्या शिवणीवर बोटं सरकवली,
वर रापणीचा तुकडा वाऱ्याने एका बाजूला गेलेला.
तो कमरेवर हात ठेवून उभा.
त्याने ते हात
काही केल्या पुढे केले नाहीत.