तिथीची पाऊणपट

पालिकेच्या पाटीवर लिहिलंय: नाला क्रमांक अकरा.
जनाबाय वैती पाटीकडे बघतही नाही.
ती म्हणते, वाघण.
पारसिकच्या डोंगरातून उतरते,
रबाळ्याच्या कारखान्यांमधून अंग चोरून निघते,
रुळांखाली वाकते,
आणि घणसोलीच्या खाजणात खाडीला मिळते.
'नाल्याला नावं ठेवतात,' जनाबाय म्हणते,
'हिला नाव आहे.'

रविवारी सातला आम्ही जमतो.
सेक्टरातले आम्ही, नव्या हातमोज्यांचे;
गावातले ते, हातांचे.
कुरियनबाई, इश्रत, तिचा अकरावीतला भाऊ,
आणि पोशीराम मढवी, ज्याने डोल कधीच विकली
पण गाठी विसरला नाही.
त्याने जुन्या जाळ्याचा पट्टा दोन काठांना बांधला.
पहिल्याच आठवड्यात सापडल्या
सतरा चपला, एक हेल्मेट, थर्माकोलचं मखर,
अख्खी गादी,
आणि एक चिंबोरी.
ती मढवीने दोन बोटांत धरून परत सोडली.
म्हणाला, 'हिचा काही गुन्हा नाही.'

जनाबायकडे एक वही आहे, लांबट, लाल कापडाची,
सासऱ्यांपासूनचं पाणी तिच्यात उतरवलेलं:
तिथी, वारा, आणि पाणी पायरीच्या किती विटा चढलं.
'तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ,'
ती मला शिकवते, बत्तीस वर्षं बँकेत आकडे मोडलेल्याला.
पंचमीला? पावणेचार.
अष्टमीला? सहा; पण तेव्हा भांग, पाणी आळशी.
द्वितीयेला?
दीड.
'दीड,' ती म्हणते, आणि बोट विटांच्या रकान्यावर नेते.
जुन्या पानांवर दोन, क्वचित तीन.
अलीकडे पाच. मागल्या श्रावणात सात.
तिथी तीच. पाऊणपट तीच.
विटा वाढल्यात.

म्हणून गावाने जोती उचलली,
आणि म्हणून पावसाळी रात्री
तिचा आवाज आमच्या फोनांवर येतो:
'दीडला भरती. डोंगरावर पाऊस आहे.
गाड्या वर काढा.
आणि पाणी जरा बेतानं सोडा रे, सगळं आमच्याकडे येतं.'

ते शेवटचं वाक्य मी बरेच दिवस
ऐकून सोडून दिलं.

मग मार्चमध्ये फेस आला,
तिवरांच्या वर आलेल्या मुळांना चिकटून.
चिखलातले निवटे दिसेनात.
कारखानाच असणार, आम्ही ठरवलं. फलकही रंगवले.
इश्रतचा भाऊ पन्नास पावलांवर एक बाटली भरत गेला,
आणि आम्ही फेसामागोमाग वर चालू लागलो.
रूळ यायच्या आधीच तो डावीकडे वळला,
करंजाच्या झाडामागे,
एका भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपाशी.
भिंतीचा रंग ओळखीचा.
गेल्या दिवाळीत तो मीच निवडला होता.

खजिनदार मी. सांडपाण्याच्या यंत्राची दुरुस्ती
तीन सभा पुढे ढकलली, त्याखाली सही माझी,
बारीक, सुवाच्य.

कुणी काही बोललं नाही.
कुरियनबाईंनी बाटलीवर चिठ्ठी लावली: नमुना नऊ.
जनाबाय उकिडवी बसली, पाइपाच्या तोंडाशी हात धरला,
दूध कोमट झालंय का बघावं तसा.
'गरम आहे,' म्हणाली. 'कुणीतरी आंघोळ करतंय.'

ठराव दोन मतांनी पास झाला.
यंत्र चालतं, बहुतेक दिवस.
वरून अजून गुरुवारी जांभळट रंग येतो,
त्याचा माग काढायचाय.
मढवी पाटीवर खडूने वाघण लिहितो,
पाऊस पुसतो, मढवी लिहितो.

जनाबायला आता बारीक अक्षर दिसत नाही.
काल रात्री वही माझ्या मांडीवर होती.
वद्य द्वितीया. वारा नैर्ऋत्येचा.
दीड वाजता तिच्या दारात, टॉर्चच्या उजेडात,
आम्ही मोजत होतो.
तीन. चार.
पाचवीच्या कडेवर ओल चढली आणि घुटमळली.
'किती लिहू?' मी विचारलं.
'थांब,' ती म्हणाली,
'ओहोटी लागू दे.'