कमानपट्टा

पहिली दाखवली ती चकचकीत.
मुठीवर पितळी सिंह, म्यानाला लाल मखमल.
नखाने टिचकी मारली, तर पत्र्याच्या डब्यासारखी वाजली.
सदतीस वर्षं कुर्ला डेपोत बसच्या कमानी बदलल्या,
पोलाद काय बोलतं एवढं तरी कळतं मला.
ठेवून दिली.

दुसरी लांब. हात ताणून धरली
तर पात्याआधी मनगटच खाली गेलं.
भिंतीमागच्या उतारावर घाणेरी माजलीय,
शंभर वार घालायचे,
ही दहाव्यालाच झोपवेल धन्याला.

मग आमचा रखवालदार जितमान राई,
ज्याने आपणहून कधी चार शब्द काढले नव्हते,
त्याने व्हिजिटर रजिस्टर ओढलं
आणि 'कोणाकडे जायचे' या रकान्यावरून आरपार
एक वाकडं पातं काढलं.
इथं पोट. इथं वजन. पाठ करंगळीएवढी जाड.
मुठीपाशी बारकी खाच,
चीक तिथूनच गळतो, हातावर येत नाही.
"धार शेवटी बघा साहेब. आधी वाक."

केशरबाई साळुंके पुलाखाली भाता लावते.
कागद तिने उलटा धरला, मग सुलटा,
म्हणाली, कोयताच की हा, कंबरेत लचकलेला!
भंगारातून ट्रकचा कमानपट्टा ओढला.
नवऱ्याने सांडशीत धरला, घण तिने घातला.
तेलात नुसती धार बुडवली,
पाठ मऊच ठेवली.
"समदंच कडक केलं तर फुटतंय, भाऊ."
मूठ बाभळीची. साडेनऊशे रुपये.

गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतली
आणि मुलुंडची बस धरली.
विजेची बस. खाली हवेचे फुगे.
खड्डा आला, गेला,
कुठेच काही करकरलं नाही.
अख्ख्या गाडीत कमानपट्टा एकच,
तो माझ्या मांडीवर,
अजून गरम होता, की मलाच तसं वाटलं.

गेटवर देवस्थळीबाई, सेक्रेटरी.
"हे हत्यार आत नेता येणार नाही."
अवजार आहे, मी म्हटलं.
"दिसतं तर हत्यार."

जितमान मध्ये पडला नाही.
गोणपाट सोडलं, अंगठा खाचेवरून फिरवला,
भिंतीशी पडलेल्या सुबाभळीपाशी गेला.
हात खांद्याच्या वर नेलाच नाही,
जोरही लावला नाही,
नुसतं पडू दिलं.
मांडीएवढ्या खोडात चार बोटं रुतलं पातं.
दुसऱ्या वाराला ढलपी उडाली
ती बाईंच्या चपलेजवळ.

थोडा वेळ तो तसाच उभा. आमच्याकडे पाठ.
मग मूठ माझ्याकडे करून परत दिली
आणि खुर्चीवर जाऊन बसला.

चार दिवस झाले. उतार निम्मा बाकी आहे.
कोपराच्या वर एक शीर ठणकते,
तीच, जी पूर्वी शनिवारी ठणकायची
दोन गाड्यांच्या कमानी एका पाळीत उतरवल्या की.
रजिस्टरमध्ये ते पान अजून आहे.
त्या वाकड्या पात्यावरच आता लोक लिहितात,
दूधवाला, कुरियर, तिसरा मजला, पाहुणे.