चार बोटं पाणी

वास पहिल्यांदा आला तो मे महिन्यात,
हीटर बंद केल्यावर आठवड्याभरानं.
आधी जिन्यात, मग न्हाणीत,
मग पलंगावर, छतातल्या त्या पांढऱ्या गोल झडपेखाली,
जिथून माळ्यावरचं यंत्र रात्रंदिवस
ताजी हवा सोडतं, असं घर विकणारा म्हणाला होता.

ड्राख्टनच्या कडेला एकासारखी एक बावीस घरं.
खिडक्या इतक्या घट्ट
की कालव्यावरचा बगळा चोच उघडताना दिसतो,
ऐकू येत नाही.
अशा घरात बाहेरून काय येणार?
जे असेल ते आतलंच.

हे मी बोलले नाही.
वोब्बेही बोलला नाही.
आम्ही कुत्र्याला दोनदा धुतलं,
जिऱ्याचं चीज, बिचारं, पेटीत टाकलं,
आणि मग जेवताना दोघांची नजर
एकदमच वळली
फोल्कर्टच्या दाराकडे.

सासरे मार्चपासून आमच्याकडे.
एकेचाळीस वर्षं कालव्याच्या दरवाजांवर काढली,
बोटी वर घेतल्या, खाली सोडल्या.
अंगात एकच लोकरी स्वेटर, कोपराला गाळाचा रंग.
मी त्यांची खिडकी उघडी ठेवू लागले.
त्यांच्या खुर्चीवर नवी चादर.
एकदा साबण आणून दिला, लव्हेंडरचा,
"स्वस्तात मिळाला" म्हणत.
त्यांनी तो हुंगला,
माझ्याकडे पाहिलं, आणि "छान आहे" म्हणाले.

जूनअखेर रेन्स्के आली. हातात टॉर्च, कानामागे पेन्सिल.
माळ्यावर चढली, यंत्राचं पोट उघडलं,
खालच्या नळीला नाक लावलं
आणि हसली.
"कोरडा पडलाय."
कोण?
"सायफन. नळीचा वाक.
हिवाळ्यात तुमचे श्वास, सूप, ओले टॉवेल
या पेटीत गार होतात, थेंब थेंब उतरतात,
इथे साचतात. चार बोटं पाणी.
तेवढंच असतं घर आणि गटार यांच्या मधे.
ऊन तापलं की थेंब बंद. पाणी उडतं.
आणि हा पंखा, तो काय,
जे मिळेल ते ओढतो."

तिनं तांब्याभर पाणी ओतलं.
नळी एकदा घोटली, गप्प झाली.
"चेंडूचा सायफन मिळतो," ती म्हणाली,
"पाणी आटलं तरी चेंडू तोंडावर बसून राहतो.
पुढच्या आठवड्यात लावते."

फोल्कर्ट शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभे होते,
केव्हापासून कोण जाणे.
"चेंडू कशाला," म्हणाले, "मी आहे की."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी
शिडी लावल्याचा आवाज, मग मगातून धार.
मग खिशातली वही.
जन्मभराची सवय: तारीख, वेळ, पातळी.

ऑगस्टमध्ये ते नातीकडे ग्रोनिंगनला गेले,
जाताना काम माझ्यावर सोपवून.
वही शिडीच्या खिळ्याला टांगलेली.
मी पाणी ओतलं, बोट बुडवून पाहिलं,
नोंद करायला पान उघडलं, ते एक मागचं उघडलं.

११ जून. आंघोळ, सकाळी. स्वेटर धुतला. वास आहे.
१२ जून. आंघोळ दोनदा. वास आहे.
१५ जून. नवा साबण. वास आहे.
१९ जून. दात डॉक्टरांना दाखवले. ठीक म्हणाले. वास आहे.
२३ जून. डिर्कला फोन. त्याच्याकडे माळ्यावरची खोली रिकामी आहे.

पुढच्या पानावर फक्त पाणी.
७:१०, चार बोटं.
७:०५, चार बोटं.
७:१०, साडेतीन. भरलं.

खाली कुत्रा भुंकत होता.
यंत्र नेहमीसारखं घुमत होतं,
आमची हवा बाहेर काढत, तिची ऊब ठेवून घेत.
मी पेन्सिल हातात धरून बसले.
वेळ लिहिली. पातळी लिहिली.
त्याखाली अजून एक ओळ लिहायला घेतली
आणि ती कुठे सुरू करावी
ते सुचेना.